भंगारवाला हात लावत नाही, त्या पाकिटांचं करायचं काय?

पत्र:

"कोथरूडला ४० फ्लॅटच्या सोसायटीत आमचं चौघांचं घर आहे. ओला-सुका वेगळा करतो. रद्दी, बाटल्या, डबे भंगारवाला नेतो. पण चिप्स-बिस्किटांची पाकिटं, ज्यूसचे खोके, औषधांच्या स्ट्रिप, टूथपेस्टच्या ट्यूब, कुरिअरच्या पिशव्या यांना तो हात लावत नाही. त्यात नव्या टीव्हीबरोबर आलेला थर्मोकोल. बाल्कनीत तीन पोती साठली आहेत. एका संकलन मोहिमेत एक पोतं घेऊन गेलो, तर अर्धं परत मिळालं. का, ते सांगायला तिथे कुणाला सवड नव्हती. सासूबाई म्हणतात, गावी आम्ही हे बंबात घालतो, पाणीही तापतं आणि कचराही जातो. हे खरोखर रिसायकल होईल अशी जागा पुण्यात आहे का? आणि हे सगळं धुवायला जे पाणी जातं त्याचं काय?"
– एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई, आधी बंबाचं बोलू, कारण ते आजच थांबवता येतं. गोळ्यांच्या स्ट्रिपची पारदर्शक बाजू बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड हा आम्लवायू निघतो आणि अर्धवट जळताना डायॉक्सिन ही विषारी संयुगं तयार होतात. सिमेंट कारखान्यांतही असं प्लॅस्टिक जाळतात, पण तिथल्या भट्टीत १,४०० अंशांच्या वर तापमान असतं, आणि वायूही त्या उष्णतेत काही सेकंद राहतो, म्हणून तिथे ही संयुगं मोडतात. बंबात तेवढी उष्णता कधीच येत नाही, आणि धुराडं न्हाणीच्या दाराशीच. वर ती राख परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी जाते. सासूबाईंपुढे 'प्रदूषण' हा शब्द काढून उपयोग नाही. पाकिटं घातल्यावर डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो, तो याच धुराने, एवढं सांगा. हा अनुभव त्यांनी घेतलेला असणार.

आता तुमच्या भंगारवाल्याचं. तो आळशी नाही, त्याचा हिशेब वजनाचा आहे. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशवीचं वजन साधारण ३ ग्रॅम. म्हणजे किलोला तीनशेहून जास्त पिशव्या. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरात किलोभर साठायला पाच-सहा महिने जातात. चिप्सचं छोटं पाकीट तर त्याहून हलकं, आणि त्याला पुढे गिऱ्हाईक जवळपास नाही. थर्मोकोलमध्ये ९८ टक्के हवाच असते. एक घनमीटर थर्मोकोल भरला तरी १५ ते २० किलोच. टेम्पोचं भाडं मात्र जागेवर ठरतं. म्हणून तो नको म्हणतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं.

गिऱ्हाईक का नाही, हे समजलं की तुमचं अर्धं पोतं का परत आलं तेही कळेल. प्लॅस्टिक रिसायकल करायचं म्हणजे ते दळायचं, धुवायचं, वितळवायचं, जाळीतून गाळायचं आणि त्याचा दाणा पाडायचा. पॉलिथिन ११० ते १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलिन १६० च्या पुढे, आणि पाण्याच्या बाटलीचं पेट २५० ला. तुमच्या सुक्या मेव्याच्या पाकिटात बाहेर पेट आणि आत पॉलिथिन एकमेकांना चिकटवलेलं असतं. कमी तापमान ठेवलं तर पेटचे कण तसेच राहून जाळी तुंबवतात. जास्त ठेवलं तर पॉलिथिन करपतं. अॅल्युमिनियमचा थर असेल तर बोलायलाच नको. ओल राहिली तर यंत्रात तिची वाफ होऊन दाण्यात बुडबुडे धरतात, आणि त्या दाण्याची पाइप पुढे फुटते. दुधाची किंवा तेलाची चरबी राहिली तर वास दाण्यापर्यंत जातो. त्यामुळे माल घेणारा पोत्यात हात घालतो, ओलसर लागलं किंवा आंबूस वास आला की पूर्ण पोतंच बाजूला करतो. एक सॉसची पुडी बाकी सगळ्यावर पसरते, तेव्हा निवडत बसणं त्याला परवडत नाही.

तेव्हा जागा शोधण्याआधी घरात ओळख पटवायला शिका. त्रिकोणातला आकडा असेल तर सोपं: १ पेट, २ एचडीपीई (टणक पॉलिथिन), ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (मऊ पॉलिथिन), ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरीन (थर्मोकोलही याचाच), ७ म्हणजे बाकीचं किंवा मिश्र. पातळ पाकिटांवर हा आकडा अनेकदा सापडत नाही, सापडला तर ७ असतो. तेव्हा हाताने पाहायचं. दोन्ही अंगठ्यांनी पिशवी मधोमध ताणा. लांबली, पांढुरकी पडली आणि फाटली नाही तर ते पॉलिथिन. कडकड वाजली, अजिबात ताणली गेली नाही आणि एकदा चीर पडल्यावर सरळ रेषेत फाटत गेली तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पेटची फिल्म. आतून चांदीसारखं चमकणारं पाकीट मुठीत चुरगाळून सोडा: उलगडलं तर प्लॅस्टिकवर धातूचा नुसता मुलामा आहे, चुरगाळलेलं तसंच राहिलं तर खरा अॅल्युमिनियमचा पत्रा आहे. मोबाइलच्या टॉर्चपुढे धरलं की खात्री होते, मुलाम्यातून अंधूक उजेड दिसतो, पत्र्यातून नाही. टणक तुकड्यांसाठी पाण्याची परीक्षा आहे. भांड्यात पाणी, त्यात साबणाचा एक थेंब, आणि नखाएवढा तुकडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात. पेट, पीव्हीसी आणि टणक पॉलिस्टायरीन बुडतात. चिकटवलेल्या थरांच्या पाकिटांवर ही परीक्षा चालत नाही, तिथे हाताचाच भरवसा.

एवढं केलंत की तीन पोत्यांची चार होतील, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा दिसेल.

पहिलं पोतं ताणणाऱ्या पिशव्यांचं. दुधाच्या पिशव्या, कुरिअरच्या करड्या-काळ्या पिशव्या, बबल रॅप, खोक्यात घातलेल्या हवेच्या उशा, पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यावरचं जाड आवरण. हे सगळं एकाच कुळातलं, आणि यालाच भंगारात खरी किंमत आहे. तुमच्या भंगारवाल्याने कुरिअरच्या पिशव्या नाकारल्या त्या बहुधा वरच्या कागदी स्टिकरमुळे. कागदाचे तंतू आणि चिकट गोंद जाळीत अडकतो. स्टिकर सोलत बसू नका, तेवढा चौकोन कात्रीने कापून टाका. पत्ता आणि फोन नंबरही त्याबरोबर जातो. बाहेर कागद आणि आत बबल असलेलं पाकीट असेल तर दोन्ही थर ओढून वेगळे करा, नाहीतर ते कुठल्याच पोत्यात बसत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून काढायची सवय मोडा. तो त्रिकोणी तुकडा मोरीतून गटारात जातो आणि निवडणाऱ्याच्या बोटांत कधीच येत नाही. कोपऱ्याला चीर द्या, तुकडा पिशवीला लटकलेला राहू द्या. पिशवी रिकामी झाली की एक बाजू पूर्ण फाडून चिमट्याने दोरीवर वाळत घाला. नुसती उलटी ठेवली तर आत ओल राहते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते.

दुसरं पोतं खोक्यांचं: ज्यूस, ताक, टिकाऊ दुधाचे टेट्रापॅक. हे दिसायला पुठ्ठा असले तरी रद्दीत टाकू नका. त्यात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अॅल्युमिनियम असतं, आणि साध्या कागद गिरणीत त्याचे थर सुटण्याइतका वेळ लगदा घुसळत नाहीत. त्यासाठी ठरलेल्या गिरण्या आहेत. तिथे मोठ्या घुसळणीत पाण्यानेच कागदाचे तंतू सुटे होतात; उरलेलं पॉलिथिन-अॅल्युमिनियम दाबून तक्ते आणि छपराचे पत्रे करतात. असं काम महाराष्ट्रात पालघरला चालतं. घरी करायचं ते एवढंच: वरचे-खालचे चारही कान उघडा, खोका सपाट करा, एक कडा कापून आतून विसळा, वाळवा. टोपण काढून बाटल्या-डब्यांच्या टणक प्लॅस्टिकात टाका, ते एचडीपीईचं असतं आणि विकलं जातं. एक लिटरचा खोका साधारण ३० ग्रॅमचा, म्हणजे ३३ खोक्यांना किलो. चपटे केले तर ते एका पिशवीत मावतात, न केले तर अर्धी बाल्कनी जाते.

तिसरं पोतं कडकडणाऱ्या आणि चमकणाऱ्या पाकिटांचं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पुण्यात या पाकिटांना तीन वाटा आहेत आणि तिन्ही सारख्या नाहीत. पहिली विणकामाची. इकोकारी ही पुण्यातली संस्था चिप्सची पाकिटं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुन्या कॅसेटच्या फिती कापून चरख्यावर त्यांचं सूत करते आणि हातमागावर कापड विणते. त्याच्या पिशव्या, पाकिटं, चटया होतात. इथे पाकीट वितळत नाही, त्यामुळे थरांची अडचणच येत नाही. पण विणायला लांब पट्टी लागते. पाकीट मागच्या शिवणीने उभं उघडा आणि सपाट ठेवा. फराफरा फाडून चार तुकडे केलेलं, स्टेपलर मारलेलं किंवा तेलकट पाकीट त्यांच्या उपयोगाचं नाही. शाम्पूच्या पुडीतून पट्टी निघत नाही, ती देऊच नका. पुण्यातल्याच 'विदाउट' या उद्योगाने २०२३ मध्ये चिप्सच्या पाकिटांतून काढलेल्या प्लॅस्टिकचे गॉगल करून दाखवले. म्हणजे हे अशक्य आहे असं नाही, मात्र तुमच्या सोसायटीची पोती रिचवण्याइतकं ते आज मोठं नाही.

दुसरी वाट तेलाची. रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन आणि केशव सीता मेमोरियल फाउंडेशन ट्रस्ट यांचा जेजुरीजवळ प्रकल्प आहे. हवा न देता प्लॅस्टिक तापवून त्यातून इंधनतेल काढतात. पुण्यात आणि ठाण्यात त्यांच्या संकलन मोहिमा होत आल्या आहेत. या पद्धतीला पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन मानवतं. पीव्हीसी चालत नाही, कारण त्यातला आम्लवायू यंत्र खातो; पेटमधून तेलाऐवजी पूड निघते आणि ती नळ्या तुंबवते. औषधाच्या स्ट्रिपा आणि पाण्याच्या बाटल्या अशा मोहिमांत बाजूला काढतात त्या यामुळे. तुमचं अर्धं पोतं परत आलं त्यात स्ट्रिपा होत्या का, आठवून पाहा. पूर्णम इकोव्हिजन ही पुण्यातली संस्थाही ई-कचरा आणि प्लॅस्टिकच्या मोहिमा घेते. अशा सगळ्याच ठिकाणी दिवस, जागा आणि काय घेणार याची यादी बदलत असते. निघण्याआधी फोन करा, आणि 'प्लॅस्टिक घेता का' असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी हो मिळतं. 'बिस्किटाचं आतून चांदीसारखं पाकीट घेता का, आणि त्याचं पुढे काय होतं', असं विचारा.

तिसरी वाट सिमेंटची भट्टी. सुक्या कचऱ्यातलं न विकलं जाणारं प्लॅस्टिक गठ्ठे बांधून सिमेंट कारखान्यांत कोळशाबरोबर जाळतात. कचराभूमीवर धुमसण्यापेक्षा हे बरं, आणि बंबापेक्षा तर कितीतरी बरं. पण याला रिसायकलिंग म्हणू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाकिटाचं पुन्हा काही होत नाही, ते जळतं. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत रिसायकल न होणारी बहुस्तरीय पाकिटं दोन वर्षांत बंद करायची, असं लिहिलेलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत त्यात 'किंवा ऊर्जा न मिळणारी, किंवा दुसरा वापर नसलेली' अशी पुस्ती आली. जळणारी वस्तू ऊर्जा देतेच, तेव्हा पाकिटं राहिली आणि भट्टीची वाट रुंद झाली. तुमच्या बाल्कनीतल्या तिसऱ्या पोत्याचं मूळ या पुस्तीत आहे, हे जाता जाता.

चौथं पोतं, खरं म्हणजे एक डबाच, बारक्या चिजांचा. टूथपेस्टची ट्यूब दोन्ही टोकांना कापा, उभी चिरा, आतली पेस्ट निपटून घ्या (आठवडाभर पुरेल इतकी पेस्ट निघते, हा वरचा नफा) आणि घडी घाला. घडी जशीच्या तशी राहिली तर आत अॅल्युमिनियम आहे, ती तिसऱ्या पोत्यात. ट्यूब परत उलगडली आणि तिच्यावर २ आकडा असेल तर ती पूर्ण एचडीपीईची, टणक प्लॅस्टिकात जाते. अशा ट्यूब आता बाजारात येऊ लागल्या आहेत, विकत घेताना मागे पाहत चला. औषधाच्या स्ट्रिपा वेगळ्या बांधा. ज्या पूर्ण पत्र्याच्या आहेत त्यांतल्या अॅल्युमिनियमसाठी काही ठोक व्यापारी त्या घेतात, पण नुसती एका घराची मूठभर नाही. सोसायटीच्या एकत्र किलो-दोन किलो झाल्या तर विचारून पाहा. आत एकही गोळी राहता कामा नये. मुदत संपलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइट यांच्यासारखी ती वेगळी द्यायची. डासांच्या आणि अत्तराच्या फवाऱ्याचा डबा पूर्ण रिकामा झाला तर धातूच्या भंगारात चालतो, पण त्याला भोक पाडू नका आणि दाबून चपटाही करू नका.

शाम्पू, सॉस, गुटख्याच्या पुड्या यांना पुण्यात तरी रिसायकल होण्याची वाट नाही. एक-दोन ग्रॅमच्या वस्तूवर कुणी वाकत नाही. एका मोठ्या पाकिटात कोंबून तिसऱ्या पोत्यात टाका म्हणजे गटारात जाणार नाहीत. शाम्पूची बाटली घेतलीत तर हा प्रश्न घरातून जातो. बाटलीला भंगारवाला हात लावतो.

आणि हो, 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या पहिल्या पोत्यात चुकूनही घालू नका. हाताला पॉलिथिनसारख्या लागतात, पण दाण्यात मिसळल्या तर माल नासतो. त्यांना कारखान्यातल्या खतप्रक्रियेची उष्णता लागते, घरच्या कुंडीत त्या महिनोन्‌महिने तशाच दिसतात. ऑनलाइन मासळी-आइसक्रीमबरोबर येणारी बर्फाची जेलपिशवी फोडून मोरीत ओतू नका. ती पूड पाणी शोषून फुगते आणि पाइप बंद करते. तशीच फ्रीजरमध्ये ठेवा, प्रवासात कामी येते, किंवा कोपऱ्यावरच्या मासळीवाल्या मावशींना द्या.

थर्मोकोल. टीव्ही नुकताच आला असेल तर दुकानाला फोन करा आणि डिलिव्हरी करणाऱ्या माणसाला खोक्यासह तो परत न्यायला सांगा. पुढच्या खरेदीच्या वेळी हे पैसे देण्याआधी ठरवून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. ते जमलं नाही तर तुकडे अख्खे ठेवा. फोडले की मणी उडतात आणि नाल्यात जातात. पेट्रोल किंवा थिनरमध्ये विरघळवून त्याचा गोंद करायचे व्हिडिओ फिरतात, ते घरात करायचं काम नाही, आग आणि वाफा दोन्ही धोक्याच्या. सजावटीची मखरं करणाऱ्यांना देण्याची जुनी सोयही राहिलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिक-थर्मोकोल अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आणली. पॅकिंगचा थर्मोकोल जिथे दाबून किंवा वितळवून त्याची वीट करण्याचं यंत्र आहे तिथेच रिसायकल होतो. म्हणून मोहिमेच्या फोनवर त्याचं वेगळं विचारा. काच, कुंड्या, दिवे पाठवणारे छोटे उद्योग तो आनंदाने नेतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर 'थर्मोकोल फुकट' टाकलंत तर बहुधा संध्याकाळपर्यंत जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे हे कुणाच्या हातात द्यायचं. पुण्यात बहुतेक ठिकाणी दारातून कचरा घेतात त्या ताई 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद असतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली. त्यांची मिळकत घरटी मिळणाऱ्या शुल्कात आणि सुका कचरा विकून आलेल्या पैशांत असते. अनेक उत्साही सोसायट्या इथे एक अन्याय करतात. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, म्हणजे ज्याचे पैसे येतात ते सगळं परस्पर विकतात, आणि सॉसच्या पुड्या तेवढ्या ताईंच्या बादलीत. तसं करू नका. पहिलं पोतं त्यांनाच द्या, स्वच्छ आणि वेगळं बांधून. त्यांचा निवडण्याचा वेळ वाचतो आणि भावही बरा मिळतो. मग तिसऱ्या पोत्याबद्दल त्यांनाच विचारा. चिप्सची पाकिटं वेगळी बांधून दिली तर त्यांच्या शेडवर ती वेगळी जातात का, गाडी कधी येते, हे त्यांना किंवा त्यांच्या प्रभागाच्या पर्यवेक्षकांना ठाऊक असतं. 'सगळं एकत्र द्या' असं कुणी ताई म्हणाल्या तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की चार पोती न्यायला हातगाडीत जागा नाही. मग दिवस ठरवा: टेट्रापॅक पहिल्या शनिवारी, पाकिटं तिसऱ्या शनिवारी. 'स्वच्छ'चे व्ही-कलेक्ट नावाचे संकलनाचे दिवसही असतात, जुने कपडे, गाद्या, ई-कचरा असं अडगळीचं सामान तिथे जातं.

एका घराने हे करणं अवघड आहे, चाळीस घरांनी सोपं. रोज दोन पिशव्या धरल्या तर तुमच्या सोसायटीत महिन्याला २,४०० दुधाच्या पिशव्या होतात, म्हणजे सात किलो. घरटी महिन्याला तीस पाकिटं धरली तर १,२०० पाकिटं, साडेतीन किलोच्या आसपास. एवढं असलं की घेणारा तुमच्याकडे यायला तयार होतो. पार्किंगच्या कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, तीन गोण्या लोखंडी कड्यांना अडकवा. तांदळाच्या २५ किलोच्या रिकाम्या गोण्या उत्तम. गोणीवर नुसतं लिहू नका, नमुन्याची पिशवी, खोका, पाकीट स्टेपल करून लावा. लिहिलेलं कुणी वाचत नाही. तोंड उघडं ठेवा, बांधलेल्या गोणीत ओल कोंडते. पहिले दोन महिने कुणीतरी आठवड्यातून एकदा हात घालून पाहावं. मुंग्या दिसल्या तर समजा, कुणीतरी न पुसलेलं बिस्किटाचं पाकीट टाकलंय, आणि त्या मजल्यावर जाऊन प्रेमाने सांगा. गोणी महिन्याच्या महिन्याला हलवाच. तीन महिने राहिली की उंदीर येतात, मग सभेत पहिला ठराव ती बंद करण्याचाच होतो.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर भगिनी, म्हणजे कचरावेचक महिला, सुक्या कचऱ्याचं काम करतात, प्रोजेक्ट मुंबई या संस्थेच्या प्लॅस्टिक मोहिमा होतात, आणि टेट्रापॅकसाठी सहकारी भांडारच्या दुकानांत पेट्या ठेवण्याची योजना राबवली गेली आहे. लहान गावांत नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला विचारा की घंटागाडीचा सुका कचरा छाटणीला कुठे जातो. ती शेड एकदा स्वतः जाऊन पाहा, तिथे कशाचे गठ्ठे बांधलेले दिसतात यावरून काय वेगळं ठेवायचं ते कळतं.

कंपन्यांनाही थोडं कामाला लावा. पाकिटं बाजारात आणणाऱ्याने ती गोळा करून मार्गी लावावीत, ही जबाबदारी नियमांनी त्यांच्यावर टाकली आहे, आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिला वार्षिक लक्ष्यं जोडली आहेत. पाकिटाच्या मागे ग्राहक सेवेचा ईमेल असतो. सोसायटीच्या नावाने दोन ओळी लिहा: महिन्याला तुमची अमुक किलो स्वच्छ, सपाट पाकिटं साठतात, पुण्यात तुमचा माल गोळा करणारी संस्था कोणती, तिचा संपर्क द्या. वैयक्तिक तक्रारीला ठरावीक साच्याचं उत्तर येतं. चाळीस घरं आणि किलोचा आकडा दिसला की पुढचं बोलणं होण्याची शक्यता वाढते.

राहता राहिलं पाणी. यासाठी नळ सोडायची गरज नाही. दुधाची पिशवी दोन चमचे पाण्याने विसळून ते पाणी दुधाच्या पातेल्यातच घाला, तुमच्याकडे बहुधा तसंच करत असतील. मग रात्रीची भांडी झाल्यावर जे साबणाचं पाणी टबात उरतं, त्यात दिवसभराच्या पिशव्या आणि खोके एकदा बुचकळून काढा. चिप्स-बिस्किटांची पाकिटं तर धुवायचीच नाहीत, पाण्याने तेल पसरतं आणि वाळायला दोन दिवस जातात. उघडून झटका आणि जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने आतून पुसा. लोणचं, तूप, पनीर यांची पाकिटं एवढ्याने निघत नाहीत. ती अर्धा तास त्याच टबात भिजत ठेवा, मग उलटी करून पुसा. तरीही वास राहिला तर ते पाकीट पोत्यात घालू नका, ताईंच्या सुक्या कचऱ्यात द्या. एका पाकिटापायी पूर्ण पोतं परत येण्यापेक्षा ते परवडलं.